अंगदचा वार्षिक पाठ

माझा मेव्हणा अंगद जेवताना मीठ मागत नाही. तो मिठाचा पाठ घेतो.

"ताई, परवा आमटीत काय कमी पडलं होतं?" तो बहिणीला, म्हणजे माझ्या बायकोला, विचारतो.

"मीठ."

"शाब्बास! मीठ कमी असेल तर आमटी कशी लागते?"

"अळणी."

"अगदी बरोबर! तर आज आपण मीठ या घटकाचा अभ्यास करणार आहोत."

तोवर माझी भाकरी संपलेली असते आणि डोकं तापलेलं असतं. "दे गं त्याला मीठ एकदाचं!" म्हणून मी ओरडतो.

हे वेड त्याला बी.एड.नं लावलं. बी.ए. झाल्यावर पोलीसभरती देऊन झाली, तलाठ्याची परीक्षा देऊन झाली, कुठंच लागला नाही, आणि तिशी उलटल्यावर मास्तर व्हायचं ठरलं. सीईटी देऊन गडी बी.एड.ला लागला. तिथं पाठाच्या पायऱ्या शिकवतात. पोरांना आधी काय येतं ते विचारायचं, ते पूर्वज्ञान. आज काय शिकायचं ते सांगायचं, ते हेतुकथन. उत्तर आलं की शाबासकी, ते प्रबलन. शेवटी गृहपाठ. बाकीचे लोक पाठ संपला की हे विसरतात. अंगद कॉलेजातून या पायऱ्या चढून थेट माझ्या घरात आला.

मी कडब्याचा व्यापारी. सातवीत शाळा सुटली, एका बैलगाडीवर धंदा उभा केला, जे मिळवलं ते जिभेवर मिळवलं. एकदा मांजरसुंब्याच्या ढाब्यावर मी एका शेतकऱ्याचा कडबा भाव पाडून मागत होतो. माणूस हो म्हणायच्या बेतात. तेवढ्यात शेजारी चहा पीत बसलेला अंगद म्हणाला, "काका, पाटोद्याच्या बाजारात पेंढी काय भावानं चाललीय?"

काकांनी सांगितलं.

"शाब्बास! मग बाजारभाव आणि दाजींचा भाव, यात फरक किती?"

काकांनी बोटं मोजली, माझ्याकडं पाहिलं, कप खाली ठेवला आणि ट्रॅक्टर वळवला. मी अंगदला गाडीत घेतलं नाही. तो कुणाच्या तरी टेम्पोत बसून घरी आला आणि दारातूनच म्हणाला, "दाजी, आजच्या प्रसंगातून आपण काय शिकलो?"

पुढं दुष्काळ पडला. दूध सोसायटीला चारा छावणी लावायला रस्त्याकडेची जमीन हवी होती, आणि ती माझी होती. सोसायटीचे चेअरमन तेच हायस्कूलचेही अध्यक्ष. मी सौदा केला. जमीन फुकट वापरा, जूनमध्ये अंगदला शाळेवर घ्या.

"बी.एड. होऊन येऊ द्या, ऑर्डर देतो," चेअरमन म्हणाले. "पन यंदा न्हाई झाला तर पोस्ट थांबायची न्हाई. मागं लई लाईन हाय."

मी लेखी घेतलं नाही. ते अजून सलतंय.

अंगदचा फक्त वार्षिक पाठ राहिला होता. बाहेरून परीक्षक येणार, मागं बसून गुण देणार. पण पाठाला वर्ग लागतो, आणि अर्धं गाव ऊसतोडीला गेलेलं, उरलेलं जनावरं घेऊन छावणीत. शेवटी शाळेनं नववीचा वर्ग छावणीतच पत्र्याच्या शेडखाली भरवला. पाठाचा विषय पर्जन्यछायेचा प्रदेश, म्हणजे आपल्याकडं पाऊस का कमी पडतो. अंगदनं इतकी तालीम घेतली की दावणीशी बसलेल्या म्हाताऱ्यांनाही तो पाठ झाला.

धोका एकच होता, टँकर. तो आला की छावणीत कुणी कुणाचं नसतं. मी ड्रायव्हरला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, उद्या उशिरा ये. तो नेमका लवकर आला.

शेडमध्ये अंगदचं चाललं होतं, "ढग डोंगराला अडल्यावर काय होईल?" इकडं शेडला लागूनच फाटकापाशी मी टँकरसमोर उभा.

"सरका शेठ, पुढं दोन गावं हाईत."

"पाठ संपू दे. चहा पी, जेवून जा."

"कसला पाठ? लोकं पान्याला मरायलेत आन तुमी पाठ काय सांगता बे?"

"बे कुणाला म्हनतो? जमीन कुणाची हाय म्हाईत हाय का?" मी खिडकीतून हात घालून त्याची कॉलर धरली. त्यानं हॉर्न दाबला तो सोडलाच नाही.

सगळी छावणी उठली. घागरी, कळशा, हंडे फाटकाकडं धावले. शेडमधली पोरं मात्र बसून राहिली. त्यांचे आईबाप, चुलते पाणी भरायला होते. परीक्षकांनी मान वर केली. अंगदचा घाम मला फाटकावरून दिसत होता, पण गडी थांबला नाही.

"डोंगरापलीकडच्या कमी पावसाच्या प्रदेशाला काय म्हणतात?"

"पर्जन्यछाया!" दावणीतून एक म्हातारा ओरडला. परीक्षक हसले. मला वाटलं, जमलं.

अंगदनं पुढचा प्रश्न विचारला तोच एका मुलीनं हात वर केला. सोनाली. आईबाप तोडीला गेलेले. छावणीत ती, तिची आजी आणि एक गाय. अंगदनं तिच्याकडं बोट केलं.

"सर, पाण्याला जाऊ का?"

वर्ग खो खो हसला. सोनालीनं मान खाली घातली.

अंगदनं फाटकाकडं पाहिलं. मग खडू खाली ठेवून म्हणाला, "उठा सगळे. घागरी घ्या."

"पाठ पूर्ण करा," परीक्षक म्हणाले.

"उठा म्हणलं ना!" अंगद पोरांवर ओरडला. पोरं पळाली. परीक्षकांनी पेनाचं टोपण लावलं. पाठ अपुरा, पुढच्या वर्षी परत द्या, एवढं बोलून ते निघून गेले. मी कॉलर सोडून दिली. आता धरून काय करायचं होतं?

संध्याकाळी मी शेडवर गेलो. अंगद सतरंजी झटकत होता.

"कावून सोडली पोरं? तिला एकटीला जा म्हनायचं! बाकीच्यांच्या घरचे व्हतेच की पान्याला!"

"म्हनूनच दाजी. ती एकटी उठली असती तर समदे तिच्याकडंच बघत बसले असते. उद्या ती वर्गात आली नसती."

"आन तुझी नोकरी?"

तो सतरंजी झटकत राहिला. मी जिभेवर जगणारा माणूस, मला गप्प बसवत नाही.

"उद्या चेअरमनकडं जातो," मी म्हणालो. "पुढच्या सालीबी छावणीला जमीन देतो म्हनतो. तेवढी पोस्ट धरून ठेवा म्हनतो. न्हाई कसा म्हनतो बघू."

अंगदनं सतरंजीची घडी छातीशी धरली.

"नका जाऊ दाजी."

"कावून?"

"पुढच्या साली छावनी लागायची म्हंजी परत दुष्काळ पडला पाहिजे. नको. पोरं आपापल्या घरी राहू द्या. मी देईन पाठ परत."

फाटकाशी सोनाली आजीला हाताला धरून गाईकडं नेत होती. त्या दिसेनाशा होईपर्यंत अंगद तिकडं बघत उभा राहिला. चेअरमनकडं मी अजून गेलेलो नाही.