भाऊसोंचा टिकाऊ संसार

माणूस नश्वर आहे, याबद्दल शास्त्रांत दुमत नाही. पण माणसाने घेतलेली खुर्चीसुद्धा नश्वर असलीच पाहिजे, असं कुठल्याही शास्त्रात लिहिलेलं नाही. ही पळवाट आजवर थोरामोठ्यांच्या नजरेतून सुटली होती. ती आष्ट्याच्या भाऊसोंनी शोधून काढली.

भाऊसो पलटणीत भांडारावर होते. (भांडारावरचा माणूस लढत नाही असा एक गैरसमज आहे. भाऊसो रोज लढले. समोर आपलेच जवान असायचे आणि ते नवे बूट मागायचे, एवढाच फरक.) निवृत्त होऊन गावी आल्यावर त्यांनी घरालाही तोच कायदा लावला. कलम पहिलं: जुनी वस्तू कामातून गेल्याशिवाय नवी वस्तू उंबऱ्याच्या आत येणार नाही. कलम दुसरं: वस्तू अशी पारखून घ्यायची की ती कामातून जाताच कामा नये. दोन्ही कलमं एकत्र वाचली म्हणजे ध्यानात येतं की या घरात खरेदीची तरतूद होती, फक्त संधी नव्हती.

भाऊसो सांगलीच्या बाजारात शिरले की दुकानदार एकमेकांना फोन करत. खुर्ची घेताना भाऊसो स्वतः बसत नसत. दुकानदाराला बसवत, त्याच्या मांडीवर नोकराला बसवत आणि आपण खाली वाकून पायांचा आवाज ऐकत. कुकर फरशीवर टाकून बघत. फरशी फुटली तर कुकर घेत. या पद्धतीने उभा राहिलेला संसार बघायला गावातली माणसं मुद्दाम येत. त्या घरातलं ताट उचलायला दोन हात लागत. टॉवेल अंगावरचं पाणी टिपत नसे, खरवडून काढत असे. दाराचा पडदा धुवायला काढला तर भिंतीला टेकून उभा राहत असे.

या संसारात एकच वस्तू अशी होती जी भाऊसोंनी निवडलेली नव्हती. ती म्हणजे त्यांची बायको, आक्काताई. (ही निवड वडलांनी केली होती. ती टिकली, याचं श्रेय मात्र भाऊसो घेत.) आक्काताईंची लग्नाकार्याची साडी भाऊसोंनीच आणलेली. दुकानातल्या दोन नोकरांना दोन टोकं धरून ओढायला लावलं होतं. नोकर दमले, साडी दमली नाही. तिचा रंग मळखाऊ होता; म्हणजे मळ त्यावर दिसत नसे, कारण तो मळाचाच रंग होता. त्या साडीत आक्काताई नात्यातल्या प्रत्येक लग्नाच्या अल्बममध्ये होत्या. फोटोतली पोरं मोठी होत गेली, माणसांचे केस गेले, दात गेले. साडी तशीच.

मागल्या एका लग्नात आक्काताईंच्या भावजयीने सगळ्यांसमोर त्यांचा पदर चाचपला आणि विचारलं, "आक्का, सोफ्याचं कापड उरलं व्हतं व्हय वो?"

बायका हसल्या. आक्काताईही हसल्या. मात्र परतीच्या एसटीत त्या आष्टा येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसल्या आणि भाऊसोंनी दिलेला भुईमुगाच्या शेंगांचा पुडा त्यांनी हातात घेतला नाही.

आता त्याच भावजयीच्या मुलीचं, म्हणजे आक्काताईंच्या लाडक्या भाचीचं, संयोगिताचं लग्न मेढ्याला ठरलं.

"संयोगिताच्या लग्नाला मला साडी पायजे," आक्काताई म्हणाल्या.

"हाय की एक."

"ती हाय म्हणूनच पायजे."

"फाटली?"

"न्हाई."

"इरली कुठं?"

"न्हाई."

"मग तिनं आपलं काय वाकडं केलंय?" भाऊसो म्हणाले आणि आंघोळीला गेले.

आक्काताईंनी साडी संपवण्याचे प्रयत्न केले, पण कायद्याच्या चौकटीत राहून. कात्री लावणं हा खून ठरला असता. त्यांना नैसर्गिक मृत्यू हवा होता. त्यांनी साडी धुण्याच्या दगडावर आपटली. दगडाचा टवका उडाला. बाभळीवर वाळत घालून ओढली. काटे मोडले. उंदरांसाठी माळ्यावर ठेवली. उंदरांनी एकदा चाखून पाहिलं असावं, कारण त्यानंतर ते शेजारी राहायला गेले.

शेजार मनुबाईंचा. त्यांच्या सासूच्या गुडघ्याचं ऑपरेशन मिरजेला होतं आणि नातेवाइकांच्या खोलीत भात शिजवायला त्यांना कुकर हवा होता. आक्काताईंनी दिला. सासूबाई नव्या गुडघ्याने चालत परत आल्या. कुकर आला नाही. मिरजेत शेजारच्या खाटेवरच्या माणसांनी तो जरा वेळापुरता मागितला होता. ती माणसं गाव सांगून गेली होती, पण मनुबाईंच्या ते ध्यानात राहिलं नव्हतं.

घरात प्रथमच कायदेशीर पेच उभा राहिला. कुकर मेला नव्हता. तो मरणं शक्यच नव्हतं. तो फक्त नव्हता.

"मोडल्याशिवाय नवा येत न्हाई," भाऊसो म्हणाले, पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता. तीन दिवस पातेल्यातला भात ते खात होते आणि तो खाली लागत होता.

"मला एक सांगा," आक्काताई म्हणाल्या, "पलटणीतला एखादा जवान बेपत्ता झाला, तर त्याची जागा रिकामी ठेवत्यात का दुसरा धाडत्यात?"

भाऊसोंनी पातेल्याच्या तळाला लागलेला भात बघितला. "धाडत्यात," ते अखेर म्हणाले.

त्या क्षणी आक्काताईंना एक मोठं सत्य कळलं. टिकाऊ वस्तूला आगीची, पाण्याची, उंदराची भीती नसते. तिला भीती असते ती फक्त उसनवारीची.

पुढच्याच आठवड्यात मनुबाईंकडे डोहाळजेवण निघालं आणि मांडवाच्या मागे आचाऱ्याला आडोसा करायला त्या भक्कम कापड शोधत होत्या. आक्काताईंनी ते कापड स्वतः पोहोचवलं. मांडव उतरला. साडी मांडववाल्याच्या टेम्पोतून गेली की आचाऱ्याच्या, यावर आजही दोन मतं आहेत.

"मागून आण जा," भाऊसो कडाडले.

"तुमीच जावा. तुमी मिलिट्रीतलं."

भाऊसो मिशीला पीळ देऊन गेले. "या की भाऊसो, च्या घ्या," मनुबाई म्हणाल्या. अर्ध्या तासाने ते परत आले.

"मागितली?"

"च्या बरा व्हता," भाऊसो म्हणाले.

(उणे तापमानात पहारा देणारा माणूस आपल्या भागात घरटी एक सापडेल. दिलेली वस्तू तोंडाने परत मागणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे.)

सांगलीच्या दुकानात आक्काताईंनी पहिल्यांदा स्वतः साडी निवडली. पोपटी, जांभळ्या काठाची, कांद्याच्या पापुद्र्यासारखी. भाऊसोंचे हात सवयीने दोन टोकांकडे गेले. आक्काताईंनी नुसतं बघितलं. हात मागे आले.

"टिकंल का?" त्यांनी हळूच विचारलं.

"मेढ्यास्नं माघारी येस्तवर टिकली तरी बास."

मग त्या पदर खांद्यावर टाकून आरशाकडे वळल्या. भाऊसोंनी आयुष्यभर कापड पारखलं होतं. कापड अंगावर घेतल्यावर माणूस कसा दिसतो, हा रकाना त्यांच्या तपासणीत कधी नव्हताच. आरशातली बाई लग्नानंतरच्या पहिल्या सणाला दिसली होती तशी दिसत होती. ते दुकानदाराला म्हणाले, "बांध." दुकानदाराला आधी आपण चुकीचं ऐकलं असंच वाटलं.

मेढ्याला मांडवाच्या दारातच भावजयीने पदर चाचपला. या वेळी सोफ्याचं नाव निघालं नाही. जेवणं झाल्यावर मात्र बाजूला घेऊन त्यांनी दुकानाचं नाव विचारलं. आक्काताईंनी ते सावकाश, दोनदा सांगितलं.

परत येताना एसटीच्या दारातल्या पत्र्यात पदर अडकला आणि टर्रकन फाटला. भाऊसोंनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा आक्काताई फाटका पदर हातात घेऊन हसत होत्या, कंडक्टरही हसत होता.

"फाटली वो!" त्या म्हणाल्या. "कायदा कायदा असतुया. आता नवी."

भाऊसो आता सुधारले आहेत. घरातल्या बऱ्याच वस्तू उसनवारीत गेल्या, हलक्या आल्या. त्या मोडतात, फाटतात, आणि घर हसतं-खेळतं आहे. प्रश्न उरतो तो गेलेल्यांचा. भाऊसोंनी पारखलेली वस्तू मोडलेली असणं अशक्य. तेव्हा ती जिल्ह्यात कुठेतरी, कुणाच्या तरी घरी, ठणठणीत आहे. सुदैवाने आपल्याकडे भांड्यांवर नाव घालून घेण्याची पद्धत आहे. म्हणून वाचकांना विनंती की उठून आपल्या मांडणीवरचा तो सगळ्यांत जड डबा खाली घ्यावा आणि बुडाजवळचं नाव वाचावं. तुमचं निघालं तर अभिनंदन. दुसऱ्याचं निघालं, तर लगेच परत करायला पळू नका. तसे तुम्ही आजवर पळालेला नाहीतच.