निजलेल्या मटणाची पेटी

शनिवार, २६ मे २००७. दुपारचे तीन. जगूभावोजींची मागची पडवी. हजर: स्वतः जगूभावोजी, मी, शेजारच्या शेवंतीकाकी, काकींचा मुंबईहून सुट्टीला आलेला मुलगा मधू आणि बारा किलो मटण. गैरहजर: वीज, शुक्रवार पहाटेपासून.

जगूभावोजींनी कुडाळहून आणलेल्या बर्फाच्या दोन लाद्या टेम्पोतून उतरवल्या, हात पुसले आणि फ्रीझरच्या झाकणावर बोटांनी हलकेच दोनदा टकटक केलं. आजारी माणसाच्या खोलीत शिरताना आपण करतो तसं.

हे ते नेहमीच करतात. फ्रीझरची पेटी न वाजवता त्यांनी कधी उघडलेली मी पाहिलेली नाही. मी लग्न होऊन या वाडीत आले आणि काही वर्षांनी भावोजी जहाजावरची नोकरी संपवून कायमचे घरी आले. तेव्हा एकदा मी विचारलंच, "भावोजी, आत कोण आसा?"

"मटण आसा. निजलेला आसा."

"निजलेल्याक टकटक कित्याक?"

"दचकाक नको म्हणान."

भावोजी तीस वर्षं मालवाहू जहाजांवर आचारी होते. जहाजाच्या पोटात मांस ठेवायची मोठी थंड कोठी असते, तिची किल्ली त्यांच्या कमरेला. त्या कोठीविषयी बोलायला लागले की त्यांचा आवाज खाली येतो आणि ऐकणाऱ्यालाही जरा गुंगी येते. बाहेर आखातातलं ऊन डेकचा रंग सोलून काढत असायचं आणि आत पांढरं धुकं. त्या धुक्यात टांगलेले बोकड हळूहळू डुलायचे, जहाज कुशीवर वळलं की सगळे एकदम एका बाजूला. "थयसर काळ चालत नाय, वयनी," ते सांगतात. "सोमवारी आत गेलो की सोमवारच. भायर इलो की कळता, मुंबई सोडून महिनो झालो."

थंडीत जंतू मरत नाहीत, नुसते निजतात, हा त्यांचा मूळ मंत्र. म्हणून मटण उठवायचं ते हळू. आदल्या दिवशी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, खोल ताटात ठेवायचं, म्हणजे गळलेलं पाणी कोशिंबिरीच्या काकडीवर पडत नाही. ओट्यावर उघडं टाकून द्यायचं नाही, गरम पाण्यात बुडवायचं नाही. "वरसून जागा झाला आणि आत निजलेला, असला मटण माणसासारखाच. चिडचिडा." आणि एकदा पुरतं जागं झालेलं मटण परत झोपवायचं नाही, शिजवायचं.

धुण्यावर तर त्यांचा विशेष राग. शेवंतीकाकी कोंबडी धुवायला बसल्या की न्हाणीत पाऊस पडतो. एका रविवारी भावोजींनी त्यांच्या कोंबडीच्या पातेल्यात मूठभर हळद कालवली आणि म्हणाले, "आता धू बघया, नेहमीसारखी." काकींनी नेहमीसारखी धुतली. मग भावोजींनी त्यांना हाताला धरून फिरवलं. पिण्याच्या पाण्याच्या कळशीवर पिवळे ठिपके, चिरलेल्या कांद्यावर ठिपके, सुकत घातलेल्या लुगड्यावर, काकींच्या नथीवर.

"बघ गो, तुजी कोंबडी खंय खंय फिरान इली!"

"फिरांदे! पन्नास वर्सा फिरता, कोण मेला?" असं काकी म्हणाल्या. पण दुसऱ्या रविवारी त्यांनी कोंबडीवर नळ सोडला नाही, हे मी स्वतः पाहिलं.

हात मात्र धुवायचे, आणि किती वेळ ते बंदरांवर मोजायचं. साबण लावला की मुंबई, मग एडन, सुएझ, पोर्ट सैद, नेपल्स, जिब्राल्टर, आणि रॉटरडॅमला पोचल्यावर पाणी. वाडीतल्या पोरांना समुद्रापलीकडचा सगळा भूगोल असा साबणाच्या फेसातून आला. संध्याकाळी त्यांच्या न्हाणीतून ती नावं ऐकू येतात, एकामागून एक, संथ. ऐकता ऐकता माझा हात भाजी निवडताना थांबतो.

या सगळ्या काटेकोरपणाची वर्षातून एकदा परीक्षा असते. मेचा शेवटचा रविवार. मुंबईकर परत जाण्याआधी सगळ्या वाडीला भावोजींकडे वडे-सागोतीचं जेवण. ही त्यांच्या बायकोची पद्धत. भावोजी समुद्रावर असायचे आणि ती इथं पानं वाढायची. ती गेली त्याला बारा वर्षं झाली. भावोजींनी जेवण चालू ठेवलं. बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस त्या घरात एकच पान मांडलं जातं.

आणि या जेवणानेच त्यांचा शरद तुटला. शरद त्यांचा पुतण्या. स्वतःचं मूल नव्हतं, त्याला भावोजींच्या बायकोनेच वाढवला. सहा वर्षांपूर्वी तो नवी नवरी घेऊन या जेवणाला आला. तिने मदत करायची म्हणून मटणाची पुडकी सकाळीच काढून उन्हाच्या ओट्यावर मांडली. दुपारी भावोजींनी ते पाहिलं आणि साऱ्या वाडीसमोर तिच्यावर ओरडले, मटण तिच्यासमोर फेकून दिलं. ती पोर रडली. संध्याकाळच्या गाडीने दोघं गेली, ती परत आली नाहीत. दर वर्षी भावोजी फोन करतात, दर वर्षी शरद "जमणार नाही" म्हणतो. यंदा तो "बघतो" म्हणाला होता. भावोजींनी तो शब्द मला चार वेळा सांगितला.

"'बघतो' म्हणजे काय, वयनी?"

"म्हणजे बघतलो."

"म्हणजे येतलो?"

"बघतलो, भावोजी."

मटण मंगळवारीच आलं, पुडकी होऊन पेटीत निजलं. शुक्रवारी पहाटे वारं सुटलं, माड तारांवर पडला, लाईट गेली. भावोजी शांत होते. "भरलेली पेटी आणि बंद झाकण. दोन दीस काळजी नाय." त्यांनी वर दोन गोधड्या टाकल्या. शनिवारी सकाळी ते कुडाळला बर्फाला गेले. थर्माकोलच्या मासळीच्या खोक्यात बर्फावर मटण हळू उठवायचं, असा बेत. जाताना मला म्हणाले, "वयनी, पेटीर लक्ष ठेवा."

मी लक्ष ठेवलं.

नऊ वाजता शेवंतीकाकी आल्या, हातात सुंगटं, म्हणजे कोळंबी, आणि सुरमई. "आमचो फ्रीज भट्टी झालो गो! जगूच्या पेटयेत ठेव इल्ली." मग पलीकडचं घर आलं. मग त्याच्या पलीकडचं. वाडीत अकरा घरांत फ्रीज आहेत. मी वही काढली. नाव, वस्तू, वेळ. अकरा घरांचा माल, अकरा वेळा झाकण. नीट बसेना म्हणून सगळं मटण बाहेर काढलं, मासे तळाशी घातले, मटण वर रचलं. तरी झाकण चार बोटं वर राहिलं, त्यावर पाटा ठेवला. गोधड्या घडी करून बाजूला ठेवल्या, कारण त्या मध्ये येत होत्या. एकाही घराचा माल हरवला नाही.

तर, शनिवार, तीन वाजता, टकटक.

भावोजींनी आधी पाटा पाहिला, मग माझी यादी वाचली. "यादी झकास आसा," म्हणाले. झाकण उघडलं. एरवी धुकं वर येतं, तसं काही आलं नाही. त्यांनी कोपऱ्यातली स्टीलची लहान वाटी काढली. त्या वाटीत ते पाणी गोठवून वर एक रुपया ठेवतात. रुपया बर्फावर असला तर सगळं ठीक. रुपया तळाला होता. मग जहाजावरची तापमानाची काडी एका पुडक्यात खुपसली आणि उजेडात धरून बराच वेळ बघत राहिले.

"जागा झाला," ते म्हणाले.

"मगे शिजवया आत्ताच!" मधू म्हणाला. "जगूकाका, आज सांजेक जेवण."

"कधीपासून जागा आसा?"

ते माझ्या वहीकडे वळले.

"वयनी, तुमच्या यादीत ती वेळ आसा?"

नव्हती.

"वास खंय येता?" शेवंतीकाकी पुडक्याला नाक लावून म्हणाल्या. "हळद-मीठ लाव, चार पाणयांनी धू, झाला."

"धुवून भायरचा जाता गो. आणि काय काय जंतू विष सोडून जातत, ता कढवून पण जायत नाय. पन्नास माणसा जेवतली. ल्हान पोरा आसत." ते खाली बसले. "पुरूक व्हया."

मला वाटलं, आता माझ्यावर ओरडतील. मी उभी राहिले, वही छातीशी धरून. मी म्हटलं, "भावोजी, चूक माझी."

त्यांनी मान हलवली. "मी 'लक्ष ठेवा' म्हटलंय. 'उघडू नका' म्हणूक नाय. बसा. पाणी पिया."

मधूने परसात खोल खड्डा काढला. कुत्री येऊ नयेत म्हणून वर दगड हवे होते, ते मी आणि काकींनी जमवले. अकरा घरांची मासळीही तिथेच गेली. काकींनी आपली सुंगटं स्वतःच्या हाताने टाकली.

पुडकी मी एकेक करून भावोजींच्या हातात देत होते, आणि सवयीने वरची चिठ्ठी वाचत होते. मला वाटलं होतं तारीख आणि वजन असेल. ते होतंच. खाली बारीक अक्षरात माणसं होती. "मधू, नळी." "शेवंती, दात नाय, बारीक." "वयनी, चरबी नको." मी चरबी खात नाही हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं, माझ्या पानात उरलेलं त्यांनी कधीतरी पाहिलं असणार. पन्नास माणसांची आवड त्या पेटीत निजली होती. दुपार अगदी स्तब्ध होती, पंखे नाहीत, रेडिओ नाही, समुद्र लांब कुठेतरी श्वास घेत होता, आणि मी नावं वाचत होते आणि भावोजी ती एकेक करून मातीत ठेवत होते. टाकत नव्हते, ठेवत होते.

शेवटचं पुडकं लहान होतं. "शरद, काळीज. सूनबाय, मऊ, तिखट कमी."

"सहा वर्षं ह्यांचो वाटो काढतास?" मी विचारलं.

"इलो तर? पानात काय घालू?"

"आणि नाय इलो तर?"

"सोमवारी मी खातंय. काळीज माका आवडत नाय." ते जरासे हसले. "पण जागा झालेला परत निजवूचा नाय."

तेही त्यांनी ठेवलं. मग हात धुतले.

रविवारी वाडीने आपापल्या घरी कुळथाची पिठी आणि भात खाल्ला. भावोजी पांढरा सदरा घालून पुढच्या पडवीत बसले होते. कुडाळहून येणारी प्रत्येक एसटी वळणावर थांबली की मान वर करायचे. शरद आला नाही. त्याचा फोन मधूच्या मोबाईलवर आला, सुट्टी मिळाली नाही म्हणून. खरं असेलही.

सोमवारी मुंबईकरांच्या पिशव्या गाडीत चढल्या, वाडी रिकामी झाली, आणि लाईट आली. भावोजी माझ्या दारात उभे राहिले, आत येईनात.

"वयनी, तुमचा अक्षर बरा. शरदाक नको, सूनबायक चार ओळी लिवा."

"काय लिहू?"

त्यांनी अंगणाकडे तोंड फिरवलं.

"जेवणाचा झाला ता सगळा लिवा. पेटी, मटण, खड्डो. आणि लिवा, ह्या वेळाक मी कोणाक ओरडूक नाय."

हे मेमधलं. आता जुलै आहे. अंतर्देशीय पत्र आणलं, पत्ता मधूकडून मिळवला, वर "चि. सौ." लिहिलं. माझ्या रोजच्या यादीत बाकी सगळ्या कामांवर काट मारलेली आहे. सूनबाईला पत्र, ही एक ओळ मी रोज नव्या पानावर उतरवते. मजकूर अजून लिहायचा आहे; पेटी अकरा वेळा कोणी उघडली, तिथे पेन अडतं.