अकराव्या खंडातला खेचरवाला

धाकट्या लेकीला जुळे झाले त्या वर्षी घड्याळजींच्या बायकोच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले, आणि त्याच वर्षी लायब्ररीत मालिकेचा अकरावा खंड आला. मालिका म्हणजे राजे, राण्या, चेटकिणी, बर्फाचे डोंगर आणि न संपणारे युद्ध. एकेक खंड उशीएवढा जाड. दुपारी घड्याळदुरुस्तीच्या दुकानाचे दार ओढून घेऊन घड्याळजी मोठ्याने वाचत आणि बायको गिऱ्हाइकांच्या कपड्यांना काजे-बटणे करीत ऐकत असे. पहिला खंड वाचला तेव्हा दोघांचेही केस काळे होते, आता पिकले होते. राजपुत्राला मात्र अजून मिसरूड फुटत नव्हते.

बायकोचा जीव जडला होता खेचरवाल्यावर. हा म्हातारा सहाव्या खंडात नुसते सामान वाहायला आला आणि ठाण मांडून बसला. राणीला तोंडावर बोलायचा, सेनापतीची टिंगल करायचा, आणि आपल्या खेचराला कुणाला हात लावू द्यायचा नाही. "सगळ्या राज्यात अक्कल असलेला हा एकटाच," असे बायकोचे ठाम मत होते.

डॉक्टरांनी बजावले होते, महिनाभर वाकायचे नाही, डोळा चोळायचा नाही आणि रडायचे तर मुळीच नाही. तिसऱ्या खंडात एक घोडा मेला होता तेव्हा हीच बाई दोन दिवस जेवली नव्हती. घड्याळजी म्हणाले, "वाचन महिनाभर बंद ठेवू."

"आणि मी काय करू? डोळ्याला पट्टी बांधून भिंतीशी गप्पा मारू? वाचा मुकाट्याने."

घड्याळजींची एक सवय होती. मागचे झाकण काढून आत काय आहे ते बघितल्याशिवाय ते घड्याळाला हात लावत नसत. पुस्तकाचेही तसेच. पान वाचण्याआधी वरून खाली एकदा नजर फिरवायची. त्या दिवशी नजर फिरली आणि पानाच्या मध्यावर अडकली. खिंडीतला पूल तोडताना खेचरवाला दरीत पडला होता. मेला होता.

"थांबलात का?"

"शिंक येतेय."

"मग शिंका ना! पूल तुटला का?"

"तुटला," घड्याळजी म्हणाले. "खेचरवाला थोडक्यात वाचला."

बायकोने सुटकेचा निःश्वास टाकला. घड्याळजींनाही वाटले, झाले, एका वाक्याचे तर काम होते.

पण पुढचे सगळे प्रकरण म्हणजे त्याचा शोक. सगळे सैन्य माना खाली घालून उभे. ते गाळावे तर दुपार रिकामी जाते. घड्याळजींनी मेलेल्याची जागा सेनापतीला दिली. दुसऱ्या दिवशी सेनापती घोड्यावर बसून हुकूम सोडायला लागला.

"अहो, हा काल गेला ना?"

"हा नव्हे. त्याचा भाऊ गेला."

"त्याला भाऊ कधी होता?"

"जुळा होता," घड्याळजी म्हणाले. घरात सध्या तोच विषय होता.

"अगबाई! आईची काय दशा झाली असेल!" बायकोचा आवाज कापरा झाला, तशी घड्याळजींनी घाईघाईने आईला दहा वर्षांपूर्वीच मारून टाकले.

मग खेचराचा प्रश्न आला. पुस्तकात ते राजपुत्राकडे गेले होते.

"त्याच्याकडे कसं गेलं?"

"खेचरवाल्याने उसनं दिलं."

"खेचर? उसनं? डोक्यावर पडला की काय तो?"

"गुडघे दुखतात त्याचे. आता गाडीत बसून जातो."

गाडीत बसलेला माणूस गप्प कसा बसणार? त्याला बोलते करणे भाग होते. घड्याळजी पुस्तकातली दोन पाने वाचत आणि एक पान पदरचे घालत. खेचरवाला चहा पांचट आहे म्हणून कुरकुरू लागला. जिने चढायला नको म्हणू लागला. एकदा तर त्याने किल्ल्यावरचे बंद पडलेले घड्याळ दुरुस्त केले.

"हल्ली फार बोलायला लागलाय," बायको म्हणाली. पण खूश होती.

एका दुपारी शेकोटीपाशी राणीने त्याला विचारले की घरी कोण आहे. पुस्तकात हे विचारायला राणी त्या खंडात नव्हतीच. खेचरवाला म्हणाला, "बायको आहे. आयुष्यभर मी बोलत आलो. लोकांना वाटतं, काय बोलतो हा! पण ती शेजारी बसून ऐकते म्हणून मला बोलता येतं. हे तिला कधी सांगितलं नाही."

"पाच खंडांत बायकोचं नाव नाही काढलं मेल्याने," बायको म्हणाली.

"कुणी विचारलंच नव्हतं."

तेवढ्यात लायब्ररीवाली तब्येत विचारायला आली. तीही मालिकेची भक्त. आल्या आल्या म्हणाली, "काकू, खेचरवाल्याचं वाचून मला तर घास उतरेना!"

घड्याळजी बायकोच्या पाठीमागून दोन्ही हात हलवू लागले.

"एवढं काय त्यात?" बायको म्हणाली. "म्हातारपणी दुखायचेच गुडघे."

लायब्ररीवालीने काकांकडे पाहिले, पट्टीकडे पाहिले आणि खुर्चीवर बसली. "हो ना. पण फारच दुखतात हो."

"गाडीतून जातोय म्हणून निभतंय."

"गाडीतून?"

"सेनापतीचा जुळा भाऊ गेल्यापासून."

"काका," लायब्ररीवाली क्षीण आवाजात म्हणाली, "मला जरा पाणी द्या."

महिना भरला, पट्टी निघाली. डॉक्टर म्हणाले, डोळा उत्तम. आता सावकाश खरे सांगावे असे घड्याळजी ठरवत होते. पण 'सावकाश' म्हणजे कधी, ते काही ठरेना. तोवर लायब्ररीवाली बारावा खंड छातीशी धरून धावत आली आणि घड्याळजींना दुकानातच गाठून म्हणाली, "काका, घोळ झाला. तो जिवंत आहे!"

"कोण?"

"खेचरवाला! दरीतून वर येतो. राणी धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडते. अख्ख्या मालिकेत असं पान नाही! आता काकूंना कसं वाचून दाखवणार?"

घड्याळजींना घोळ कळला. जो माणूस रोज राणीबरोबर चहा पितो, त्याला बघून राणी रडेल कशाला? बायकोचा लाडका परत येण्याचा सगळ्यांत मोठा आनंद त्यांनी आपल्या हाताने खाऊन टाकला होता. तो परत द्यायचा तर आधी खेचरवाल्याला मारणे भाग होते.

त्या दुपारी त्यांनी पुस्तक उघडले नाही. "अगं, खेचरवाला मेला होता."

"कधी?"

"अकराव्यात. पुलावर. तुझ्या डोळ्यासाठी मी..."

बायकोने सुई कापडात खोचून ठेवली. "मग ते गुडघे कुणाचे?"

"माझे."

"आणि चहा?"

"आपलाच. तू साखर कमी केलीस तेव्हापासून."

"आणि त्याने बायकोबद्दल जे सांगितलं ते? ते तरी पुस्तकात आहे ना?"

घड्याळजी चष्मा पुसू लागले. स्वच्छ होता, तरी पुसत राहिले. "नाही."

आणि बायको रडली. खेचरवाला अजून पुलापर्यंतही पोचला नव्हता, तरी ती नव्या डोळ्याने आणि जुन्या डोळ्याने, दोन्हींनी रडली.

"अगं, डोळा!"

"महिना झालाय," ती पदराने नाक पुसत म्हणाली. "आता अकरावा आणा. आधी त्याला नीट मारा. मग उठवू."

घड्याळजींनी त्याला नीट मारले, मग उठवले. राणी गळ्यात पडली, ऐकायला आलेली लायब्ररीवाली पुन्हा एकदा रडली. बायकोने शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि म्हणाली, "आला ते बरं झालं. पण आपला होता तो जास्त चांगला होता."

पुढच्या खंडांतही मधूनमधून गाडीतला म्हातारा बोलत असे. कुठे पुस्तक थांबले आणि कुठे घड्याळजी सुरू झाले, ते तिला आता बरोबर कळे. ती टोकत नसे.

खेचरवाला मालिकेच्या शेवटापर्यंत मेला नाही. घड्याळजी गेले, थोरल्या मुलाने नवे घर घेतले त्या वर्षी, थंडी सरता सरता.