आधी देऊन मोकळे होणारे धोटेकाका

प्रतापनगरातल्या आमच्या टपरीवर धोटेकाका चहाचे पैसे चहा हातात येण्याआधी देतात. "घे गा आधी. कोनाचं देनं राह्यलं की माह्या घशाखाली काही उतरत नाही." चहा पुचाट निघाला तरी ओशाळतात तेच. लग्नात आहेर दारातच देतात. एकदा नवरदेवाची वरात अजून पोचायची होती आणि काका पाकीट देऊन मोकळे.

माणसाला देणं बाकी राहण्याची इतकी लाज वाटू नये. मी पडलो करसल्लागार. लोकांची देणी पुढे ढकलण्यावर माझं पोट चालतं.

काकांच्या निवृत्तीला थोडीच वर्षं उरली आहेत. कंपनीने विचारलं, म्हातारपणाची बचत पगारातून कर लागण्याआधीच पेन्शनसाठी कापायची, की कर भरून तुम्हीच पीपीएफमध्ये टाकणार? पहिल्यात आज कर वाचतो, पण पुढे पेन्शनवर बसतो. दुसऱ्यात आज भरला की पुढे काही नाही. निवृत्तीनंतर उत्पन्न घटतं तसा करही घटतो, म्हणून काकांच्या फायद्याचा पहिला रस्ता होता. ते म्हणाले, "आत्ताच भरून टाकतो ना."

मी हट्टाला पेटलो आणि गेल्या रविवारी त्यांच्या घरी जाऊन बसलो.

त्यांची मुलगी छाया संत्राबर्फी घेऊन आली. तिशीची आहे, पण समज लहान पोरीएवढीच. आपली बशी घेऊन ती शेजारी बसली. समजावता समजावता मला चेव आला. "ही समजा तुमची बचत," म्हणत मी तिच्याच बशीतली बर्फी मोडली आणि अर्धी उचलली. "हा सरकारचा वाटा."

छायाने दोन्ही हात पाठीमागे नेले. मान खाली घातली. "बाबा, मी काहीच नाही केलं."

काकांनी आपली बर्फी तिच्या बशीत ठेवली. "तुह्यं काही नाही चुकलं वं, बाई. खा." मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "हे असं होते, भाऊ. माह्यामागं तिच्या बशीत कोनी हात घालू नये. ज्याले जे घ्याचं, ते मी आहो तोवर माह्यातून घेऊन घ्या म्हना."

काकांमागे छायाला मिळेल तेवढ्या पेन्शनवर बहुधा कर बसणारच नाही. ते सांगणं माझं कामच होतं, पण तिची अर्धी बर्फी बोटांत धरून सांगायची मला लाज वाटली. तुकडा परत ठेवता येईना, खाता येईना.

छायाने माझ्या हाताकडे पाहिलं.

"काका, तुमाले अजून पाह्यजे का?" म्हणाली, आणि बशी माझ्यापुढे सरकवली.