बिबटरावांची बिनठिपक्याची गाडी

एका जंगलात, बाळांनो, रस्ता नव्हता पण गाड्या होत्या. रस्ताच नाही म्हटल्यावर गाड्या चालणार कुठे? त्या दारापुढे उभ्या असत आणि रोज सकाळी धुतल्या जात. गाडीचा मुख्य उपयोग तोच, हे तुम्ही तुमच्या घरीही पाहिलं असेल.

बिबटराव हे तिथले एक प्रतिष्ठित बिबटे. त्यांची गाडी लालभडक. ती ते डोहाच्या पाण्याने धूत. पण पाणी वाळलं की गाडीवर पांढरे ठिपके उठत. बिबटरावांना ठिपक्यांची भयंकर चीड. स्वतःच्या अंगावर दोनेकशे होते, पण ते घराण्याचे.

त्या डोहात भागाबाई म्हैस डुंबत असे. उन्हाळा होता, तरी पाणी तिच्या गळ्याशी होतं. साऱ्या जंगलाचं पिणं त्याच डोहावर. बिबट्याने म्हशीला खाल्लं कसं नाही, असं मध्येच विचारू नका. गाडी आल्यापासून बिबटरावांना शिकारीला वेळ होत नसे.

एक दिवस मर्कटे नावाचं माकड दारात आलं. त्याच्या बगलेत फिल्टर होता.

"साहेब, खोट गाडीत नाही, पाण्यात आहे. डोहाच्या पाण्यात क्षार. घरच्या घरी गाळा. एक ठिपका राहिला तर माझी शेपटी कापा."

"पण सगळं जंगल तर हेच पाणी पितं," बिबटीणबाई म्हणाल्या.

"वहिनी, जंगलाचं काय घेऊन बसलात? जंगलाला पॉलिश असतं का?"

फिल्टर बसला. तो एक हंडा शुद्ध पाणी देई आणि तीन हंडे वाया घालवी. वाया जाणाऱ्या पाण्याची नळी मर्कट्याने गाडीखाली सोडून दिली.

पांढरे ठिपके गेले. खरंच गेले! गाडी आरशासारखी लखलखली. बिबटराव कौतुकाने वाकले आणि ओरडले. दारावर गोल गोल काळे ठिपके होते.

"अहो, जरा बाजूला सरा, म्हणजे जातील," बिबटीणबाई म्हणाल्या.

"बाजूला सरलो तर धुणार कोण?"

मर्कटे धावत आला. त्याने ठिपके पाहिले, बिबटरावांना पाहिलं आणि क्षणभर विचार केला. धंदा करणाऱ्याने किती खरं बोलावं, याचा तो विचार होता.

"साहेब, हे हट्टी क्षार. दुसरा फिल्टर लावावा लागेल."

दुसरा लागला, तिसरा लागला. गाडी जितकी चकाके, तितके ठिपके ठसठशीत दिसत. डोहाचं पाणी भागाबाईच्या गुडघ्याशी आलं, मग खुरांशी आलं. बिबट्याची पिल्लं तळाचा गाळ फडक्यातून गाळून पिऊ लागली. शुद्ध पाण्याला हात लावला की बाप गुरगुरे.

अखेर एका सकाळी डोह आटला. भागाबाई तडक बिबटरावांच्या दारात आली.

"ताकाला येऊन भांडं कशाला लपवू? माजा डोह तुमच्याकडं आलाय. त्यो द्या."

"इथे डोह कुठला?"

"त्यो काय, गाडीखाली."

तिचं खरं होतं. सगळं वाया गेलेलं पाणी तिथे मुरून गुडघाभर चिखल झाला होता. जंगलात ओली जागा तेवढीच उरली होती. भागाबाई त्यात बसली. किती दिवसांनी बिचारी बसली! आनंदाने तिने चारदा लोळण घेतली आणि शेपटी फिरवली. गाडी बोनेटपासून डिकीपर्यंत चिखलाने माखली.

बिबटरावांनी डरकाळी फोडायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. त्यांनी दार पाहिलं, बोनेट पाहिलं, काचा पाहिल्या आणि घरात बिबटीणबाईंना हाक मारली.

"अगं, बाहेर ये! एक तरी ठिपका दिसतोय का?"

"ठिपका कसला? मला तर गाडीच दिसत नाही."

"गेले! सगळे गेले!" बिबटरावांचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी मर्कट्याच्या झाडावर नवी पाटी लागली: 'ठिपके घालवणारा शुद्ध, गाळीव चिखल. घरपोच.'

पाण्यासाठी सारं जंगल पलीकडच्या डोंगरावर निघालं. भागाबाई निघाली. पिल्लांना घेऊन बिबटीणबाईही निघाल्या. म्हणाल्या, "अहो, चला ना. घसा किती कोरडा पडलाय तुमचा."

बिबटरावांनी मान हलवली.

"तुम्ही व्हा पुढे," ते म्हणाले. "मागे गाडीवरचा चिखल झडला म्हणजे?"

तात्पर्य: आरशात आपला डाग दिसला, तर शहाण्याने आरसा धुवावा. तरीही दिसत राहिला, तर आरशाला चिखल फासावा. अंग तपासत बसू नये. त्याने तहान लागते.