भगत कप्तान आणि न विचारता येणारे लघुग्रह

पृथ्वीजवळून जाणाऱ्या प्रत्येक लघुग्रहाने आपली परवानगी घ्यायला हवी, असं आमच्या शेजारच्या भगत कप्तानांना मनापासून वाटतं. सकाळी फाटकावर भेटले की म्हणतात, "आज एक चाललाय, पाटील. न विचारता." कोणी त्यांच्या अंगणातून स्कूटर नेल्यासारखा त्रागा असतो.

कप्तान ही पदवी लोकांनी दिलेली. जहाज म्हणून ते मांडव्याहून मुंबईला जाणाऱ्या लाँचमध्येच काय ते बसले, आणि तेव्हाही त्यांना मळमळलं. नोकरी न्हावा शेव्याच्या बंदरात, नियंत्रण कक्षात. येणाऱ्या जहाजांना वायरलेसवरून 'थांबा', 'पुढे या' सांगायचं. डोंगराएवढी जहाजं त्यांचं ऐकायची. निवृत्त झाले आणि त्याच वर्षी वहिनी नातवाला सांभाळायला पुण्याला गेल्या, त्या तिकडच्याच झाल्या. घरात ऐकणारं कोणी उरलं नाही. तेव्हा कप्तानांनी लघुग्रह हाती घेतले.

"ते कुठे तुमचं ऐकतात?" मी एकदा म्हणालो.

"जहाजंसुद्धा पहिल्या हाकेला ऐकत नसत."

माहिती परदेशातल्या वेधशाळा देतात आणि ती मोबाइलवर फुकट मिळते. कप्तान मात्र ती रात्रभर जागून स्वतः मिळवल्यासारखी सांगतात. गच्चीवर दुर्बीण आहे. तिच्यातून आजवर एकही लघुग्रह दिसलेला नाही. आमच्या गच्चीवरचे सांडगे मात्र स्वच्छ दिसतात. "पाटील, सांडग्यांवर कावळा," असा फोन आला की विज्ञानावरचा माझा विश्वास थोडा वाढतो.

'अंतर राखून आहे' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. लघुग्रह अंतर राखून आहे, गल्लीतला कुत्रा अंतर राखून आहे, रक्तातली साखरसुद्धा अंतर राखून आहे.

बंदरातली आणखी एक सवय म्हणजे वेळ भरती-ओहोटीत सांगायची. एकदा मासळी बाजारात ते म्हणाले, "मोठा दगड येतोय, दुपारच्या भरतीला." झालं. कोळीवाड्याने होड्या वर ओढून घेतल्या आणि त्या दिवशी कोणी समुद्रात गेलंच नाही. दुसऱ्या सकाळी रिकामी पाटी घेऊन मासळीवाली हिराबाई त्यांच्या दारात.

"कप्तान, दगड आभालातून जानार का पान्यातून, ते आधी सांगाचं न्हाय का?"

"आभाळातूनच गेला. अंतर राखून."

"त्यो गेला अंतर राखून. माजा बाजार बुडला."

मग एका संध्याकाळी टीव्हीवर पृथ्वीच्या अंताची बातमी आली, आणि तीच हिराबाई अर्धा कोळीवाडा घेऊन कप्तानांच्या ओटीवर हजर. कप्तान इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून उभे राहिले. नारळ म्हणजे पृथ्वी, फाटकाजवळचं लिंबू म्हणजे चंद्र, मधला मोहरीचा दाणा म्हणजे लघुग्रह. दाणा कोंबडीने खाल्ला, तेव्हा धोका टळल्याचं सर्वांना एकदम पटलं. लोक तरीही दिवेलागणीपर्यंत बसले. कप्तानांना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं.

परवा पुन्हा तशीच बातमी आली. कप्तानांनी सगळ्यांना संध्याकाळी बोलावलं आणि मला खुर्च्या आणायला सांगितलं. मी दुपारीच नेल्या. ते स्वयंपाकघरात भज्यांसाठी कांदा चिरत होते. ओट्यावर वहिनींच्या ठेवणीतले कप धुऊन पालथे घातलेले. शेजारी मोबाइल उघडा होता. मी सहज पाहिलं. वेधशाळेने नवं गणित दिलं होतं, की लघुग्रह चंद्राच्याही कितीतरी पलीकडून जाणार, धोका अजिबात नाही.

"हे कधी आलं?"

"सकाळी."

"मग सांगितलं नाहीत कोणाला?"

कप्तानांनी कांदा बाजूला सारला. शेजाऱ्याला कोणी शिळं पापलेट ताजं म्हणून खपवलं, तरी बाजारात मोठ्याने दुरुस्ती करणारा हा माणूस. माझ्याकडे न बघता म्हणाले, "सांगितलं असतं तर आलं असतं का कोणी?"

मी बाहेर आलो. खुर्च्या ओटीवर मांडल्या. कमी पडतील असं वाटलं, म्हणून घरून सतरंजी आणली.

पाचच्या सुमारास माणसं जमू लागली. हिराबाई सगळ्यांच्या पुढे. "काय कप्तान, वाचतंव ना आपुन?"

कप्तानांनी माझ्याकडे पाहिलं. गेली कित्येक वर्षं या माणसाच्या बढाया मी पुराव्यानिशी खोडत आलो आहे.

"काळजीचं नाही," मी म्हणालो. "पण हिशोब जरा लांबलचक आहे. समजावून सांगायला वेळ लागेल. बसा."

हिराबाईने सतरंजीवर फतकल मारली. "मंग चाय ठेवा आधी," ती म्हणाली.