मंजूचा आकडा घसरला

गोंदियाहून मंजूचा रिपोर्ट मोबाईलवर आला आणि तिचा नवरा ओमेश आमगावच्या आपल्या दुकानात धानाच्या पोत्यावर मटकन बसला. मंजूच्या अंगात काविळीचा 'बी' विषाणू जुना मुक्काम ठोकून होता. तो रक्तात किती आहे, हे मोजायची ती तपासणी. मागे आकडा लाखांत होता, आता शंभराच्याही आत! धानाच्या धंद्यात घट म्हणजे तोटा, एवढंच ओमेशला ठाऊक.

"माय वो, मंजूचं रक्त सुकून राहिलं!" तो ओरडतच घरात शिरला.

अन्नपूर्णाबाईंच्या हातून भाताचा गंज निसटला. वर्षभरापूर्वी बीमारी कळल्यापासून सुनेचं ताट त्यांनीच वेगळं केलं होतं. जेवणातून हे पसरत नाही, असं डॉक्टरांनी सांगूनही! लेकीच्या, रेणूच्या येत्या लग्नात लाखोळीच्या डाळीच्या वड्यांच्या पिठाला मंजूनं हात लावायचा नाही, असंही बजावलं होतं. मंजूला तेच सलत होतं. तिच्या हातच्या वड्यांचं गल्लीभर नाव.

"पाहत काऊन राहिला? बीट आण! कलेजी आण!"

"अहो, ऐका तं..." मंजू म्हणाली.

"तू बोलू नको. ताकद जाते." अन्नपूर्णाबाईंनी दटावलं.

बातमी फुटली. शेजारच्या सुमित्राबाई शेवग्याची भाजी घेऊन आल्या, चैतरामकाका डाळिंबं. अन्नपूर्णाबाईंनी तर सुनेला आपल्याच ताटावर बसवून घास भरवले. शेवटी काकांच्या जीपमधून, कलेजीच्या डब्यासकट, सगळे गोंदियाला.

डॉक्टर रिपोर्ट पाहून हसले. "अरे भाई, हा विषाणूचा आकडा आहे. जितका कमी, तितकं चांगलं! गोळीनं काम केलं. फक्त ती बंद करू नका."

"म्हणजे तोटा नाही?"

"आहे ना. विषाणूचा!"

जीपमध्ये ओमेशनं विचारलं, "तुले माहीत होतं का वो?"

"होतं."

"मंग सांगितलं काऊन नाही?"

"सांगूनच राहिली होती. मायनं तोंडात घास कोंबला. वर्षानं मिळालेला घास थुंकू का?"

आमगाव आल्यावर अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "लग्नाच्या वड्यांची डाळ तूच भिजवजो वो. जास्तच भिजव."

लग्नात वड्यांवर अशी झुंबड उडाली की मंजूला कढईपुढून उठता येईना. व्याह्यांना वाढायला अन्नपूर्णाबाईंनी घरातलं सगळ्यात चकचकीत ताट शोधून काढलं. ते मंजूचंच निघालं. वर्षभर तिनं एकटीनं घासलेलं!